पहिली .२२ बंदूक कुठली घ्यावी
अरे अमेरिकेत नवीन आहेस म्हणून लगेच नाइन एमएम पिस्तुलाच्या मागे लागू नकोस, आधी .२२ एलआर (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाची बंदूक) घे, धक्का जवळपास नाहीच आणि गोळ्याही स्वस्त, अख्खी दुपार नेमबाजीच्या रेंजवर मजेत जाते. रूगर १०/२२ ही रायफल तर १९६४ पासून चालतेय, १० गोळ्यांचं मॅगझिन आतच बसतं, खाली काही लोंबत नाही. मला स्वतःला मात्र सीझेड ४५७ रायफल जास्त आवडते, दर गोळीला बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) हाताने ओढावा लागतो ना, मग आपोआप घाई होत नाही. पिस्तुलात रूगर मार्क ४, बटण दाबलं की साफसफाईला उघडतं.

आणि हे नीट ऐक, .२२ सारख्या रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, कधी नुसतं टक होतं आणि गोळी सुटतच नाही, तेव्हा नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांब, मगच बोल्ट उघड. नंतर हात साबणाने धू, शिसं लागलेलं असतं.