दोन हजार रुपये आणि सोयाबीनची पेरणी : जून २०२० चा कृषी सल्ला

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये एप्रिलात पीएम किसानचे २००० रुपये खात्यावर आले. हे कोरोनाचे वेगळे अनुदान आहे का? कृषी केंद्रवाले म्हणतात, सोयाबीनला एकरी दोन बॅगा डीएपी (नत्र आणि स्फुरदाचे खत) टाका, वरून युरिया द्या, टॉनिक (पीकवाढीचे औषध) मारा, घरचे बियाणे पेरू नका. काय करावे? (औसा तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : वेगळे काही नाही. वर्षाला मिळणाऱ्या ६००० पैकी एप्रिल-जुलैचा हप्ता २६ मार्चच्या घोषणेनंतर लवकर सोडला, इतकेच. पुढचा ऑगस्ट-नोव्हेंबरचा. पती-पत्नीपैकी कोणी आयकर भरत असेल तर तुम्ही अपात्र, पैसे परत करावे लागतील. हप्ता आला नसेल तर आधारवरचे नाव आणि खाते क्रमांक तपासा.

आता दुकानदाराचे. डीएपीच्या बॅगेला यंदा (२०२०) बाराशेच्या आसपास धरा. तुमच्या दोन हजारांत दोन बॅगा डीएपीसुद्धा येत नाहीत. बाकीचे उधारीवर, म्हणजे सोयाबीन निघाले की माल त्याच्याच काट्यावर. दर खरिपात हेच बघतो. एकरी एक बॅग डीएपी आणि २० किलो पोटॅश पुरे. त्याहून चांगले म्हणजे तीन बॅगा सिंगल सुपर फॉस्फेट, २५ किलो युरिया आणि २० किलो पोटॅश. सुपरमधून गंधकही मिळते. सगळे पेरणीबरोबरच. पीक उभे असताना वरून युरिया टाकू नका. सोयाबीन स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून नत्र घेते. जास्त युरियाने रान हिरवेगार दिसते, शेंगा मात्र कमी आणि अळी जास्त. टॉनिक तर पेरणीआधी विकत घ्यायची वस्तूच नाही. युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारला, म्हणजे लिंकिंग केले, तर पक्की पावती मागा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. गटाने मागणी नोंदवली तर बांधावर खत पोचवायची सोय यंदा (२०२०) आहे. कृषी सहायकाला फोन करा.

घरचे बियाणे जरूर पेरा, पण तपासून. गेल्या ऑक्टोबरात (२०१९) काढणीला पाऊस लागलाय, त्यामुळे यंदा डोळे झाकून कोणतेच बियाणे पेरू नका, विकतचेसुद्धा. १०० दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत ठेवा, गुंडाळा, रोज पाणी शिंपडा, सहा-सात दिवसांनी मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो. ६० उगवले तर ३५ किलो. त्याखाली असेल तर ते बियाणे पेरणीचे नाही. पोते आपटू नका, सोयाबीनचे साल पातळ असते. (हमाल ऐकत नाहीत, स्वतः उभे राहा.) आधी थायरम (बुरशीनाशक) किलोला ३ ग्रॅम चोळा, मग पेरणीपूर्वी अर्धा तास रायझोबियम (जिवाणू खत). उलटे केले तर जिवाणू मरतात.

आणि पहिल्या सरीला तिफण काढू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. दुकानदार घाई करणारच, दुबार पेरणीचे बियाणेही तोच विकतो. पेरणीची खोली तीन ते चार सेंटिमीटर, त्याहून खोल नाही. विकतचे बियाणे घेतले तर पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर दाणे काढणीपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर पंचनाम्याला हेच लागते, आणि नेमके तेच कोणाकडे नसते.