‘नीलकर’ किती टक्के होता?

प्रश्न असा आला आहे: ‘स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत एक वाक्य आहे – १८५९ मध्ये बंगालच्या रयतेने नीलकरांविरुद्ध उठाव केला. नीलकर म्हणजे निळीवरचा कर ना? तो किती होता आणि कोणी बसवला, हे कुठेच सापडत नाही. त्याच पानावर दादन आणि तीनकठिया हे शब्दही आहेत, त्यांचाही अर्थ सांगावा.’

कर सापडणार नाही, कारण असा कर नव्हताच. नीलकर म्हणजे माणूस, निळीचा धंदा करणारा युरोपियन. पण ही चूक वाचणाऱ्याची म्हणवत नाही. आयकर, जलकर यांच्या रांगेत ‘नीलकर’ बसवला तर मराठी कानाला तो करच वाटणार. शिवाय आपल्याकडे पुणेकर-सातारकरांचा वेगळाच ‘कर’ आहेच, त्यामुळे एखाद्याला हे आडनावही वाटेल. टिपणं लिहिणाऱ्याने बंगाली शब्द जसाच्या तसा उचलला आणि पुढे दोन शब्दांचा खुलासाही केला नाही.

यातला ‘कर’ संस्कृत ‘कृ’ धातूचा, म्हणजे करणारा. दिनकर, हितकर यांतला. आपल्या रोजच्या शब्दांत शोधायचं तर ‘विणकर’ घ्या. विणणारा तो विणकर, तसा नीळ करणारा तो नीलकर. फरक एवढाच की विणकर स्वतः मागावर बसतो. नीलकर साहेबाचा हात निळीला लागत नसे. पेरायची, खुरपायची, कापून कोठीवर (साहेबाच्या निळीच्या कारखान्यावर) पोचवायची ती रयतेने. तिथे रोपं हौदात भिजत घालून ते पाणी घुसळायचं, खाली बसलेला गाळ उकळायचा, दाबून त्याच्या वड्या पाडायच्या, हे सगळं मजुरांनी. ‘करणारा’ म्हणून नाव मात्र साहेबाचं.

मराठी पुस्तकांत याच लोकांना ‘निळीचे मळेवाले’ म्हटलेलं दिसतं. मला तो शब्द पटत नाही. चहाच्या बाबतीत तो चालेल, तिथे मळा कंपनीचाच असे. बंगालमध्ये निळीच्या लागवडीचे दोन प्रकार होते, ‘निज’ आणि ‘रैयती’. निज म्हणजे नीलकराने स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीत मजूर लावून केलेली. पण बहुतेक नीळ रैयती होती, म्हणजे शेत कुळाचं, बैल कुळाचे, राबणूक कुळाची. जिथे मळाच साहेबाचा नाही, तिथे त्याला मळेवाला का म्हणावं? बंगालीत त्याच्या ठाण्याला ‘नीलकुठी’ म्हणतात. त्यावरून ‘निळीचे कोठीवाले’ म्हटलं तर वस्तुस्थितीला जास्त धरून होईल.

मग दुसऱ्याच्या शेतात हा माणूस आपलं पीक पेरून घेत कसा असे? इथे दादन येतं. शब्द फारसी, अर्थ ‘देणं’. कोठीने आगाऊ दिलेली रक्कम म्हणजे दादन. कोशात पाहिलंत तर ‘अग्रिम’ किंवा ‘आगाऊ रक्कम’ मिळेल. अर्थ बरोबर, पण त्यातून काहीच कळत नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे, ‘उचल’. ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो ती. एकच रक्कम, पण ‘दादन’ या शब्दात ती देणारा दिसतो आणि ‘उचल’मध्ये घेणारा. बंगालमधल्या नदिया किंवा जेसोर जिल्ह्यातलं कूळ दादन आनंदाने उचलत नसे, ते त्याच्या गळ्यात मारलं जाई. त्याबरोबर स्टॅम्प पेपरवर करार लिहून घेतला जाई, कित्येकदा कोऱ्या कागदावरच. जमिनीतला चांगला तुकडा निळीला द्यायचा, भाताची वेळ हुकवायची आणि कोठी ठरवेल तो भाव घ्यायचा. कोठीचा बिघासुद्धा गावच्या बिघ्यापेक्षा मोठा असे. हिशेबाअंती दादन फिटत नसे, बापाचं मुलाच्या अंगावर येई.

म्हणूनच १८५९ च्या उठावाचं पहिलं रूप हत्यार उचलण्याचं नव्हतं. दादन घेणार नाही, नीळ पेरणार नाही, असा तो नकार होता. नदियातल्या चौगाछा गावचे दिगंबर विश्वास आणि विष्णुचरण विश्वास यांची नावं यात पुढे येतात. दोघेही आधी कोठीच्याच नोकरीत होते! कोठीच्या लठैतांशी, म्हणजे पदरी ठेवलेल्या लाठीवाल्यांशी, मारामाऱ्या झाल्या त्या पुढे. सरकारने १८६० मध्ये कायदा केला, त्यात करार मोडणाऱ्या कुळाला तुरुंग होता आणि त्याच कायद्यात चौकशी आयोगाचीही तरतूद होती. एका हाताने कोंडायचं, दुसऱ्याने विचारपूस करायची. दीनबंधू मित्र यांचं ‘नीलदर्पण’ हे १८६० चं बंगाली नाटक याच नीलकरांवरचं. त्याचा इंग्रजी अनुवाद छापवून घेतला म्हणून पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिना कैद आणि १००० रुपये दंड झाला. दंड बंगाली लेखक कालीप्रसन्न सिंह यांनी तिथल्या तिथे भरला.

आता तीनकठिया. हा शब्द बंगालचा नव्हे, बिहारमधल्या चंपारणचा, म्हणजे टिपणांत दोन वेगळ्या गोष्टी एका पानावर आल्या आहेत. काही ठिकाणी मी ‘तीनखटिया’ असंही छापलेलं पाहिलं आहे. तिथे खाटेचा काही संबंध नाही. कठ्ठा हे जमिनीचं माप, २० कठ्ठ्यांचा एक बिघा. बिघ्यामागे ३ कठ्ठे नीळ लावायची सक्ती ती तीनकठिया. आपल्या जुन्या मोजणीत २० पांडांचा बिघा असे, तेव्हा मराठी शेतकऱ्याने हिला ‘तीनपांडी’ म्हटलं असतं. जर्मनीत १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि खऱ्या निळीचा भाव कोसळला. तेव्हा कोठीवाल्यांनी ही सक्ती उठवायची किंमतही कुळांकडूनच काढली, कुणाचा खंड वाढवून (शरहबेशी), कुणाकडून रोख भरपाई घेऊन (तावान). चंपारणचे शेतकरी राजकुमार शुक्ल गांधीजींना १९१७ मध्ये चंपारणला घेऊन गेले ते यासाठी. १९१८ च्या कायद्याने तीनकठिया गेली. तुम्ही शोधत होता तो ‘कर’ खरं तर या शरहबेशी-तावानात सापडेल, फक्त तो सरकारने बसवलेला नव्हता.

एक राहिलं. नीलकरमधला ‘नील’ मराठीत ‘नीळ’ होतो आणि स्त्रीलिंगी होतो. निळीचा उठाव, नीळचा नव्हे. रंगाला आणि रोपाला जुना मराठी शब्द ‘गुळी’ही आहे, पण आता तो फारसा कोणाच्या तोंडी नाही. नीळ मात्र पांढऱ्या कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात अजून पडते.