वडिलांचा पीएसए (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी) ११ आला आहे. बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) केली तर कॅन्सर पसरतो का?

नाही पसरत. हत्यार लागलं की कॅन्सर उठतो, हे आमच्या भागातही पारावर बसून सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या एकानेही कधी रिपोर्ट वाचलेला नसतो. तुमच्या आत्याबाई सुई लावू देत नाहीत म्हणता, तर त्यांना नमस्कार सांगा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत आणि त्यांना लघवीचा काहीच त्रास नाही, म्हणून रिपोर्ट चुकीचा असेल. हे मात्र मला टोचलं, म्हणून एवढं लिहायला बसलो. वयानुसार प्रोस्टेट वाढतं ते बहुतेक आतल्या भागात, लघवीच्या नळीभोवती, म्हणून धार बारीक होते आणि रात्री उठावं लागतं. कॅन्सर बहुधा बाहेरच्या कडेला सुरू होतो. तिथे तो वर्षानुवर्षं गुपचूप बसू शकतो आणि लघवी अगदी झकास होत राहते. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, होत होती.

अण्णा एसटीत ड्रायव्हर. निवृत्तीनंतर कंबर धरली, तेव्हा घरच्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी एकच निदान केलं: आयुष्यभर गाडी हाणली, मणक्यात गॅप पडलाय. पट्टा झाला, वजनं लावून झाली, तेल चोळून झालं. दुखणं रात्री झोपल्यावर वाढतं असं ते सांगायचे, ते कुणी कानावर घेतलं नाही. पायाला मुंग्या येऊन चप्पल निसटायला लागली तेव्हा एमआरआय झाला. मणक्यांत कॅन्सरच्या गाठी. मग पीएसए केला, तर तीनशेच्या वर.

तिथून आमच्या घरात जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, तर ते हार्मोन आधी बंद करायचं. त्याला दोन वाटा. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, तेही बहुधा कायमचं. नाहीतर छोटं ऑपरेशन करून दोन्ही अंडं काढून टाकायची. पुण्याहून दादाचा फोन: "अण्णांचं असलं काही करायचं नाही. माणसाची काही इज्जत आहे की नाही? इंजेक्शनचे पैसे मी देतो." आमच्या आत्यानेही त्याचीच री ओढली. डॉक्टर काय म्हणत होते ते ऐकायला दोघांपैकी कुणी तिथे नव्हतं. ते म्हणत होते की नेहमीच्या इंजेक्शनने पहिले एक-दोन आठवडे हार्मोन उलट वाढतं. मणक्यात गाठ असताना ते धोक्याचं, म्हणून आधी गोळ्या देऊन सांभाळावं लागतं. ऑपरेशनने ते एका दिवसात खाली येतं.

अण्णांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पाय राहतील का?" डॉक्टर म्हणाले, मणक्याला रेडिएशनही लगेच सुरू करू, शक्यता चांगली आहे. "मग काढा. त्यांचं काम कधीच झालंय, पोरं तिघं आहेत की." नर्सबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

पाय राहिले. काठी घेऊन का होईना, अण्णा रोज स्टँडवर जाऊन जुन्या मंडळींत बसायचे. दादा मात्र आजही लग्नाकार्यात चारचौघांत म्हणतो की धाकट्याने पैसे वाचवायला बापाला कापलं. पैसे वाचले, हो वाचले. पुढे कॅन्सर परत डोकं वर काढायला लागला तेव्हा अबिराटेरॉनच्या गोळ्या त्याच पैशातून आल्या. आणि हा काही गरिबाचा हलका उपाय नाही. चार्ल्स हगिन्स यांनी शिकागोत १९४१ साली हाच उपाय दाखवला आणि १९६६ साली त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. इंजेक्शन तेच काम औषधाने करतं. इज्जत कशात असते हे ज्याची आहे त्याने ठरवावं, पुण्यातून फोनवर ठरत नसतं.

म्हणून तुम्हाला माझा खरा सल्ला बायोप्सीचा नाहीच. वडिलांना डॉक्टरांच्या खोलीत पुढच्या खुर्चीवर बसवा. 'कॅन्सर' शब्द त्यांच्यापासून लपवून तुम्ही भावंडं बाहेर कुजबुजत बसू नका.

आता तुमचा ११. हा आकडा म्हणजे कॅन्सर नव्हे. प्रोस्टेट नुसतं वाढलेलं असलं, लघवीला जंतुसंसर्ग झाला किंवा नळी घातलेली असली तरी पीएसए चढतो. संसर्ग असेल तर तो बरा करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. उलट वाढलेल्या प्रोस्टेटसाठी देतात ती ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइडची गोळी काही महिने चालू असेल तर आकडा निम्मा दिसतो, म्हणजे तुमचा ११ खरा २२ धरायचा. बायोप्सीआधी प्रोस्टेटचा एमआरआय करून घ्या, म्हणजे सुई कुठे घालायची ते कळतं. बायोप्सीचा खरा धोका संसर्गाचा. गुदद्वारातून करण्याऐवजी अंड आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून केली तर तो बराच कमी, तशी सोय आहे का ते विचारा. नंतर थोडे दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकतं, घाबरू नका.

बायोप्सीत कॅन्सर निघाला तर रिपोर्टवर ग्लीसन म्हणून बेरीज असेल; ती जितकी मोठी तितका कॅन्सर जोरकस. ३+३ आली तर बहुतेकांना लगेच काहीच करायचं नसतं, नुसतं लक्ष ठेवायचं. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख अशा तीन गटांत वाटून १५ वर्षं पाहिलं, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत या कॅन्सरने मेलेले शंभरात तीनच्या आसपास. पण त्यांचा कॅन्सर प्रोस्टेटच्या आतच होता आणि बऱ्याच जणांचा सौम्य होता. ४+४ वाल्याने हे वाचून घरी बसू नये.

मी डॉक्टर नाही, हे वर लिहायला हवं होतं. अण्णांचा हाडात गेलेला होता, तुमच्या वडिलांना त्यातलं काहीच लागू नसेल. हार्मोन थांबवल्यावर, इंजेक्शनने असो की ऑपरेशनने, अंगातून गरम वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. इंजेक्शन निदान थांबवता येतं, ऑपरेशन परत फिरवता येत नाही. सुरुवातीला हार्मोन न वाढवणारं इंजेक्शनही आता मिळतं, तेव्हा दादाचं अगदीच सगळं चूक होतं असं नाही, पण ते त्याने मला चारचौघांत ऐकवू नये. आणि वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बायोप्सीआधी डॉक्टरांना नक्की सांगा. ती आपल्या मनाने बंद करू नका.