वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन म्हणजे खरंच लाल टेलिफोन होता का?

नाही, लाल फोन सिनेमातला. १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या पेचप्रसंगात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा लांबलचक संदेश वॉशिंग्टनच्या हाती पडायला जवळजवळ १२ तास लागले. म्हणून २० जून १९६३ ला जिनिव्हात करार झाला, ३० ऑगस्टला दोन्ही सरकारांना थेट जोडणारी लाइन सुरू झाली. ती टेलिप्रिंटरची होती, म्हणजे इकडे टाइप केलेला मजकूर तिकडे छापून यायचा: लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे केबल, ती तुटलीच तर मोरोक्कोतल्या टँजिअरमार्गे रेडिओ. अमेरिकेकडची यंत्रं व्हाइट हाउसमध्ये नव्हे, पेंटागॉन या लष्करी मुख्यालयात. बोलणं मुद्दाम टाळलं, कारण घाईत दुभाष्याचा एक शब्द चुकला तरी महागात पडला असता. प्रत्येकाने आपल्याच भाषेत टाइप करायचं, भाषांतर समोरच्याने करायचं. अमेरिकेचा पहिला चाचणी संदेश? चपळ कोल्ह्याने आळशी कुत्र्यावरून मारलेली उडी! त्या इंग्रजी वाक्यात सगळी अक्षरं येतात ना. खरी कसोटी लागली जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात.