जुन्या बटणांचे दागिने, सुटणारे टॉप्स आणि वास मारणारा डबा

तुमची पोस्ट वाचली. अदलाबदलीत आलेली अर्धा किलो जुनी बटणं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, पावसाळ्यानंतर डबा उघडला तर उग्र वास, काही बटणं चिकट, काहींना चिरा, शेजारची पितळी बटणं हिरवी. शिवाय सुपरग्लूने चिकटवलेल्या टॉप्सच्या दांड्या महिन्याभरात निघून येतात. खाली बऱ्याच जणांनी 'चांगला ग्लू वापरा' एवढंच सांगितलंय. माझ्या मते ग्लू हा तुमचा शेवटचा प्रश्न आहे.

आधी डबा. त्यात सेल्युलॉइडची बटणं आहेत, आणि ती कुजताहेत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं जुनं प्लॅस्टिक. १८७० नंतर ते आलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत त्याची ढिगांनी बटणं निघाली. वयानुसार ते विघटित होतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात, हवेतल्या दमटपणाशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. ते आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडला आणखी वेगाने खातं आणि पितळ, तांबं, लोखंड जे शेजारी असेल त्यालाही. घट्ट झाकणामुळे ही वाफ आतच कोंडून राहते. म्हणजे आपण जपायला म्हणून जे करतो, नेमकं तेच नडतं. एक आजारी बटण डबाभर चांगल्या मालाची वाट लावू शकतं.

आज करायचं ते असं. खिडकी उघडा, हातमोजे घाला, डबा वर्तमानपत्रावर उपडा करा. चिकट झालेली, पृष्ठभागावर घामासारखे थेंब आलेली, आतून जाळीदार तडे गेलेली, रंग उडून पिवळट-तपकिरी झालेली बटणं वेगळी काढा. ती वाचत नाहीत. वार्निश मारून, नेलपॉलिश लावून कोणी वाचवल्याचं सांगितलं तर ऐकू नका, आम्ल आतून येतंय. ती पेटीत ठेवू नका, बंबात किंवा शेकोटीत तर मुळीच टाकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. ओल्या चिंधीत गुंडाळून घातक घरगुती कचऱ्यात द्या. हिरवी पडलेली पितळी बटणं कोरड्या मऊ कापडाने पुसा, खाचेतलं कळंक लाकडी टूथपिकने खरवडा, वाटल्यास टूथपिकच्या टोकाला मशीन ऑइलचा थेंब. डबाही साबणाने धुऊन उन्हात वाळवा, त्यात पुन्हा जुनी बटणं ठेवायची असतील तर झाकणाला भोकं पाडा.

चांगली दिसणारी सेल्युलॉइड बटणं कागदी पाकिटात, बाकीच्यांपासून लांब, थंड आणि कोरड्या जागी. प्लॅस्टिकची झिप पिशवी नको. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात पाकिटाशेजारी सिलिका जेलची पुडी, आणि दर महिन्याला एकदा नाक लावून बघणं.

आता ओळखायचं कसं, कारण दागिना करण्याआधी बटण कशाचं आहे हे कळल्याशिवाय त्याला पाणी, ग्लू, तार काहीच लावू नये. सगळीकडे 'तापलेली सुई टोचून वास घ्या' हा सल्ला फिरतो. तो विसरा. सेल्युलॉइड निघालं तर हातात पेट घेऊ शकतं, आणि दुसरं काही निघालं तरी बटणावर डाग कायमचा. त्याऐवजी बटण अंगठ्याने जोरजोरात घासून गरम करा आणि लगेच हुंगा. त्याने नाही कळलं तरच नळाच्या गरम पाण्यात काही सेकंद धरा. कापराचा वास म्हणजे सेल्युलॉइड. करपलेल्या दुधाचा म्हणजे केसीन, ते दुधातल्या प्रथिनापासूनच करायचे, फॉर्मलीनने कडक करून. जुन्या कार्बोलिक साबणासारखा वास आला तर बेकेलाइट, म्हणजे जुनं कडक प्लॅस्टिक. जळक्या केसांचा आला तर शिंग. काच गालाला गार लागते आणि दुसऱ्या काचेवर हलकेच वाजवली की टिणटिणते. शिंपल्याचं बटणही गारच, पण त्याची मागची बाजू बघा: अनेकांच्या पाठीवर शिंपल्याची मूळ साल, पिवळट-तपकिरी पट्टा किंवा खडबडीत उंचवटा राहिलेला असतो. हाडाच्या बटणावर १० पट भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि रेषा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा.

धुण्याबद्दल थोडक्यात: भिजत घालू नका. केसीन पाणी पितं, फुगतं आणि वाळताना तडकतं. खड्यांच्या बटणांत खड्यामागची चंदेरी फॉइल पाण्याने काळी पडते. पितळेला लखलखीत करायला चिंच-लिंबू ही आपली घरची सवय, पण शिंपल्याला ती लावाल तर त्याची चमकच विरघळेल. तो कॅल्शियम कार्बोनेटच आहे शेवटी. ओलसर फडकं, सौम्य साबणाचा थेंब, लगेच कोरडं करायचं, बास.

आणि आता तुमचे टॉप्स. सुपरग्लू कडक आणि ठिसूळ असतो, धक्का बसला की काचेसारखा सुटतो. वर चकचकीत बटणावर त्याच्या वाफेचा पांढुरका थर बसतो तो वेगळाच. ग्लूच वापरायचा तर दोन नळ्यांचं इपॉक्सी, दोन्ही भाग सारखे, आणि पूर्ण २४ तास हात न लावता. पाच मिनिटांत सुकणारं नको, त्याची पकड कमी असते. बटणाची पाठ आणि दांडीला जोडलेली धातूची चकती दोन्ही २२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडा. चकती ८ ते १० मिमीची घ्या. बाजारात मिळणारी ४ मिमीची चकती २० मिमीच्या बटणाला कधीच पुरणार नाही, तुमच्या दांड्या निघताहेत त्याचं निम्मं कारण हेच असावं. सेल्युलॉइडला मात्र कुठलाच ग्लू लावू नका आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही आणू नका, अॅसिटोनमध्ये ते विरघळतं.

पण माझं ठाम मत सांगू का? बटणाला भोकं आहेत, ती वापरा. बटण शिवण्यासाठी जन्माला आलंय, चिकटवण्यासाठी नाही. (इथले काही सदस्य नुसत्या ग्लूवर छान काम करतात, त्यांच्याशी वाद नाही.)

दोन भोकांच्या १८ मिमी बटणाचं ब्रेसलेट घ्या, आपल्याकडे शर्ट-कोटाच्या मधलं हे माप भरपूर मिळतं. परदेशी लोक मापं लिन्यमध्ये लिहितात, ४० लिन्य म्हणजे १ इंच, तेव्हा १८ मिमी म्हणजे २८ लिन्य. नवखे लोक जंप रिंग (दागिन्याचे भाग जोडायची, उघडता येणारी बारीक कडी) थेट भोकात घालायला बघतात आणि अडकतात, कारण भोकं मध्यभागी असतात, कडेला नाही. त्याऐवजी २० गेजची, म्हणजे ०.८ मिमीची, मऊ तांब्याची किंवा चांदीची तार ६ सेंमी कापा. इंग्रजी यू आकारात वाकवा, पायांतलं अंतर भोकांइतकं. पुढच्या बाजूने दोन्ही टोकं आत घाला, मागून ओढून बसवा. आता एक पाय डावीकडे, एक उजवीकडे, बटणाच्या पाठीला चिकटून वाकवा. कडेच्या किंचित बाहेर गोल चोचीच्या पकडीने ३ मिमीची कडी वळवा. पुढून बटणाच्या मध्यात फक्त तारेचा छोटा टाका दिसतो, तोही शोभतो.

इथे बिघडतं ते वाकवताना. बटणाच्या कडेचाच टेका घेऊन तार वाकवली तर शिंपल्याच्या कडेचा टवका उडतो. तार एका पकडीत भोकाजवळ घट्ट धरा, दुसरीने वाकवा, बटणावर जोर येता कामा नये. कडक पितळी तार वापरली तर टवका हमखास. अमेरिकेतून येणारी शिंपल्याची बटणं बरीचशी मिसिसिपीच्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची असतात (आयोवातल्या मस्कटीनमध्ये १८९१ पासून हा धंदा फोफावला), बिहारमधल्या मेहसीचीही नदीच्या शिंपल्यांचीच. त्यांची जाडी एकाच बटणात कमी-जास्त असते, पातळ बाजूला जपा. भोक लहान पडलं तर ड्रिल करून मोठं करू नका, बारीक तार घ्या. शिंपल्याची कोरडी भुकटी फुप्फुसाला वाईट.

अशी ६ बटणं, प्रत्येकी कड्यांसकट साधारण २२ मिमी, मध्ये आणि टोकांना मिळून ७ जंप रिंगा आणि एक हूक, की जवळपास १७ सेंमी होतं, मध्यम मनगटाला बरोबर. कानातल्यासाठी एका कानाला ५ ग्रॅमच्या वर जाऊ नका. जाड काचेचं मोठं बटण सहज त्यापलीकडे जातं, तेव्हा आधी वजन करा. कानात जाणारी तार चांदीची किंवा सर्जिकल स्टीलची, निकेलची नको.

मागे कडी असलेली बटणं असतील तर कडी कापू नका. काचेची कडी ओढली तर पाठीला खड्डा पडतो. जाळीदार धातूची चकती घ्या, कडी तिच्या मधल्या भोकातून मागे काढा आणि २४ गेजच्या तारेने आरपार बांधा. धातूच्या बटणांच्या बाबतीत तर कापण्याआधी पाठ वाचाच. जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची किंवा पलटणीची बटणं चोरबाजारातून निघतात, मागे लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखान्याचं नाव असतं. घासूनपुसून, कडी कापून केलेल्या लॉकेटापेक्षा ती संग्राहकाशी बदलली तर तुम्हाला पसाभर दुसरी बटणं मिळतील. सदऱ्याची चांदीची साखळीवाली बटणं मिळाली तर साखळी तोडू नका, तीच पेंडंट म्हणून लटकते.

अदलाबदल परदेशाशी चालू ठेवणार असाल तर हे वाचाच. टपालाने आलेली परदेशी पाकिटं सोडवणारं एक कार्यालय आहे, नाव घेत नाही, ज्यांचं पाकीट तिथे अडकलंय त्यांना सांगायला नको. अदलाबदलीत बिल नसतं ही गोष्ट तिथे कुणाच्या गळी उतरत नाही. 'पैसे दिल्याचा पुरावा आणा.' पैसे दिलेच नाहीत. 'मग भेट आहे का?' भेटही नाही, बदल्यात बटणं पाठवलीत. 'मग तिकडच्या खिडकीवर विचारा.' तिकडची खिडकी इकडे पाठवते, फोन कुणी उचलत नाही, आणि ऐन पावसाळ्यात पाकीट गोदामात पडून. माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं: झिप पिशवीत काच, पितळ आणि चार-दोन सेल्युलॉइड एकत्र, सुटून आलं तेव्हा पितळ हिरवंगार आणि खड्यांची फॉइल काळी. तुमच्या डब्याचं वर्णन वाचून म्हणूनच एवढं लिहीत बसलोय.

तेव्हा समोरच्याला आधीच सांगा. सेल्युलॉइड पाठवू नकोस, ते ज्वलनशील आहे, विमानाच्या टपालात जाऊच नये. बाकी प्रकार वेगवेगळ्या कागदी पाकिटांत. पाकिटावरच्या सीएन २२ या कस्टमच्या फॉर्मवर 'गिफ्ट' लिहू नकोस: डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून शुल्कमाफीत माल येत नाही, जीवरक्षक औषधं आणि राखीचा अपवाद सोडला तर. किंमत शून्यही नको, शून्य बघितलं की संशय येतो. 'वापरलेली काचेची व धातूची शिवणाची बटणं, हस्तकलेसाठी', वजन आणि खरी वाटेल अशी माफक किंमत. 'अँटिक' हा शब्द टाळा. दोघांचे पत्ते, काय गेलं, काय आलं, अंदाजे किंमत अशी एक पानी यादी दोघांनी सही करून एक प्रत आत, एक तुमच्याजवळ. एवढं करूनही शुल्क लागू शकतं, पण निदान बोलायला कागद असतो. मी काही कस्टम एजंट नाही, नियम बदलतात, पाठवण्याआधी तपासून घ्या. हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीची बटणं मात्र देशातल्या देशातही देऊ-घेऊ नका, वन्यजीव कायदा जुनं-नवं बघत नाही.

कुजलेली बाजूला काढून झाली की उरलेल्या बटणांचे फोटो टाका, पुढून आणि पाठीमागून दोन्ही, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. ते २७ मिमीचं असतं, माप आपोआप कळतं. पाठ दिसली तर त्यातली कुठली तारेला चालतील आणि कुठली पाकिटातच ठेवायची ते सांगता येईल.