गावकऱ्यांनी स्वतःच किरणोत्सर्गाचा अभ्यास केला तर त्याला कोणी विचारतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, कॅन्सरच्या दोन-चार केसेस झाल्यापासून कुजबुज वाढलीय आणि गावातली पोरं वर्गणी काढून गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं छोटं यंत्र) मागवायच्या बेतात आहेत. गावाने केलेल्या अभ्यासाला विचारतात, पण तो नीट केला असेल तर. आणि त्याची सुरुवात काउंटरपासून होत नाही. वर्गणी जमली असेल तर तूर्त तशीच ठेवा.

माझी नोकरी आरोग्य सर्वेक्षणांत गेली, अणुऊर्जा खात्याशी माझं देणंघेणं नाही. हौसेपायी घेतलेला एक काउंटर घरात आहे. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला की तो अंगणातल्या काळ्या दगडापेक्षा जास्त आकडा दाखवतो. पावसाची जोरदार सर आली की आकडा चढतो आणि दोन-तीन तासांत उतरतो, कारण हवेतल्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूपासून झालेली द्रव्यं पावसाबरोबर खाली येतात आणि त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं द्रव्य विरून जायला लागणारा वेळ, अर्ध्या तासाच्याही आत असतं. हे आधी माहीत नसेल तर जूनच्या पहिल्या पावसात तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हलकल्लोळ होईल. याची उलट बाजूही आहे. जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांतून (तारापूरचं तिसरं आणि चौथं युनिट याच जातीचं) थोडंफार ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) बाहेर पडतं. त्याचा बीटा किरण इतका दुबळा असतो की नेहमीच्या काउंटरच्या नळीत शिरतच नाही. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेल्याशिवाय ते कळायचं नाही.

काउंटर कामाला आले ते फुकुशिमात. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या तिथल्या अणुवीज केंद्राला अपघात झाला तेव्हा जवळच्या नामिए गावचे बरेच लोक केंद्रापासून लांब म्हणून वायव्येकडे त्सुशिमा भागात जाऊन राहिले आणि किरणोत्सारी ढग नेमका तिकडेच गेला. ढगाच्या वाटेचा संगणकी अंदाज सरकारी यंत्रणेकडे होता, तो लोकांपर्यंत वेळेत पोचलाच नाही. त्या अविश्वासातून सेफकास्ट ही स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली. स्वयंसेवकांनी जीपीएस जोडलेला काउंटर गाडीच्या खिडकीबाहेर लावून रस्तेच्या रस्ते पालथे घातले. दर पाच सेकंदांना एक नोंद, आणि सगळी माहिती कोणालाही वापरायला खुली. पण तिथे जमिनीवर किरणोत्सारी सीझियम पडलेलं होतं, ते काउंटरला दिसतं. शिवाय सगळ्यांचं यंत्र आणि मोजायची पद्धत एकच होती. दहा जणांनी ऑनलाइन मागवलेले दहा जातींचे काउंटर म्हणजे सेफकास्ट नव्हे.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात १९७९ च्या अपघातानंतर वर्षभराने अणुभट्टीच्या इमारतीत कोंडलेला किरणोत्सारी क्रिप्टॉन वायू बाहेर सोडायचा होता आणि अधिकाऱ्यांच्या शब्दावर कोणाचाच भरवसा उरला नव्हता. तेव्हा आसपासच्या वस्त्यांमधल्या रहिवाशांनाच शिकवून मोजणीला बसवलं. यंत्रं सरकारी, मोजणारे गावचे. मला ही मांडणी आवडते, भारतात ती कोणी मनावर घेतलेली दिसत नाही.

आता आजाराकडे. लहान मुलांचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) १ लाख मुलांमागे वर्षाला साधारण ३ ते ५ जणांना होतो. तुमच्या गावात ६०० मुलं धरली तर काहीही गडबड नसताना चाळीसेक वर्षांत एखादी केस निघेल. एक झाली म्हणून काही सिद्ध होत नाही, नाही झाली म्हणूनही नाही. जर्मनीत डॉक्टरांच्या आणि नागरिकांच्या दबावामुळे जो मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २००७ मध्ये आला. त्यात १६ केंद्रांभोवतालची २४ वर्षं तपासली, तेव्हा ५ किलोमीटरच्या आत पाच वर्षांखालची ल्युकेमियाची ३७ मुलं सापडली. प्रमाण अपेक्षेच्या दुपटीच्या आसपास होतं. पण केंद्रांमुळे तिथे मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस एवढा परिणाम घडवण्याइतका नव्हता, त्यामुळे कारणावर आजही वाद आहे. त्यांच्याकडे निदान देशभरातल्या बालकॅन्सरची नोंदवही तरी होती. तुमच्याकडे काय आहे?

घरोघरी जाऊन आजारांची वही भरणं, हेच गावाचं खरं काम आहे, आणि ते गावाशिवाय कोणाला जमणार नाही. सरकारी आकडे काढायला जाल तर पहिली अडचण बाळंतपणाची. सून नऊ महिने तुमच्या गावचं पाणी पिते, तुमच्या बंदरावरची मासळी खाते आणि बाळंतपणाला माहेरी जाते. बाळाला काही व्यंग असेल तर त्याची नोंद होते ती भलत्याच तालुक्यात. कॅन्सरचा पेशंट टाटाला जातो आणि तिथेच गेला तर मृत्यूची नोंद मुंबईत होते. भाड्याने राहणारा कंत्राटी कामगार काम संपलं की युपी-बिहारला परत जातो, त्याचं पुढे काय झालं ते कोणालाच कळत नाही. हे धागे जोडू शकते ती आशाताई, जिला कुठली मुलगी कुठे दिली आणि कोणाचं काय दुखतंय ते पाठ असतं. गर्भपाताची माहिती सासू उंबऱ्यात बसलेली असताना कुठलीच बाई सांगत नाही, त्यामुळे विचारणारी बाईच हवी आणि जरा वेळ काढून बसणारी हवी.

आपल्याकडे या प्रकारचं काम झालेलं आहे. भौतिकशास्त्रज्ञ सुरेंद्र गाडेकर आणि डॉ. संघमित्रा गाडेकर यांनी १९९१ मध्ये राजस्थानात रावतभाट्याच्या केंद्राजवळची गावं घरोघरी तपासली. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण जास्त आढळलं. अणुऊर्जा खात्याने ते मान्य केलं नाही. वाद बाजूला ठेवा, पण त्यांनी एक गोष्ट बरोबर केली होती: केंद्रापासून लांबची, राहणीमान मिळतंजुळतं असलेली गावंही त्याच प्रश्नावलीने तपासली. ते केलं नाही तर तुमच्या वहीला काडीची किंमत नाही. तुम्हाला किनाऱ्यावरचंच, मासेमारीवर जगणारं, पन्नासेक किलोमीटर लांबचं गाव शोधावं लागेल. त्यांना यात पडायची काय गरज, असं ते विचारतील. म्हणून आधी तिथल्या सरपंचांशी बोलून घ्या.

मोजणीचं म्हणाल तर केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती मासे, दूध, पाणी, माती तपासत असते आणि लोकांना मिळणाऱ्या डोसचे आकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालात येतात. सामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आहे, ती निसर्गातून मिळणारा डोस सोडून; तो जगात सरासरी २.४ असतो. ते अहवाल वाचा. मग ग्रामसभेत ठराव करा की नमुने घेताना गावचे दोघं हजर राहतील आणि प्रत्येक नमुन्याचे तीन भाग होतील: एक त्यांच्या प्रयोगशाळेला, एक गाव निवडेल त्या बाहेरच्या प्रयोगशाळेला, आणि तिसरा दोघांच्या सह्यांनिशी सीलबंद होऊन ग्रामपंचायतीत. निकाल जुळले नाहीत तर तो तिसरा फोडायचा. वर्गणीतून डीप फ्रीझर घ्या, लाइट जाते तिथे इन्व्हर्टरसकट. मासळी आहे ती, कपाटात राहायची नाही.