परदेशात वाढणाऱ्या भाच्याला भारताकडून कुस्ती खेळता येईल का?

दादा, तुमचा भाचा जन्माने गुहागरचा, सध्या आईबाबांबरोबर न्यू जर्सीत ग्रीन कार्डावर, शाळेच्या संघातून कुस्ती खेळतो आणि ऑलिम्पिक भारतासाठीच खेळायचं म्हणतो. खेळता येईल, पण भारतीय पासपोर्ट टिकला तरच.

हैतीत जन्मलेला मल्ल आस्नाज कास्तेली असाच. घडला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, पण 2016 ला रिओत 74 किलो फ्रीस्टाइलला उतरला तो हैतीकडून, तेही पस्तिशी उलटल्यावर. उद्घाटनाला देशाचा झेंडा त्याच्याच हाती होता. डॅनियल इगालीने उलटी वाट धरली. नायजेरियाचा हा मल्ल कॅनडात स्थायिक झाला आणि 2000 ला सिडनीत त्याने कॅनडासाठी सुवर्ण जिंकलं. मला दोघांचाही आदर आहे.

आपली अडचण अशी की भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) भारताच्या संघात घेत नाहीत. ग्रीन कार्डाने काही बिघडत नाही. पण आई किंवा बाबांनी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली की त्यांच्याजवळ राहणारा, ग्रीन कार्ड असलेला अठराच्या आतला मुलगा आपोआप तिथला नागरिक होतो. म्हणून त्यांनी अर्ज करण्याआधी वकिलाशी बोला. (दापोली-राजापूरची जी मुलं आखातात वाढतात त्यांना हा प्रश्न सहसा येत नाही, तिथे नागरिकत्व मिळतंच कुठे!) शिवाय एका देशाकडून जागतिक किंवा खंडीय स्पर्धा खेळून मग देश बदलला, तर ऑलिम्पिकसाठी साधारण तीन वर्षं थांबावं लागतं.

आता खरी कुस्ती. अमेरिकन शाळांत जी खेळतात ती ऑलिम्पिकमधली फ्रीस्टाइल नव्हे. तिथे खालच्या मल्लाला दाबून ठेवण्यालाही मोल आहे. सुट्टीत आमच्या तालमीत तिकडचा एक पोरगा आला होता. एकेरी पट (प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव) इतका चपळ की आमची मुलं बघत राहिली. पण खाली गेला की सवयीने हात-गुडघे टेकून उठायला बघायचा. तेवढ्यात आमच्या पोराने कमरेला मिठी घट्ट केली आणि भारंदाजवर त्याला दोनदा फिरवला. चार गुण गेले. खाली गेल्यावर पोट मॅटला चिकटवायचं, कोपर आत घ्यायचं, हे भाच्याला आत्तापासून घोटायला सांगा. तिकडेही उन्हाळ्यात फ्रीस्टाइलच्या स्पर्धा होतात, त्या त्याने सोडू नयेत.

पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, मग संघाची निवड चाचणी. पॅरिसला एका वजनगटात जगभरातून साधारण 16 मल्लच होते, एका देशाचा एकच. आणि कोटा, म्हणजे ऑलिम्पिकमधली ती जागा, देशाचा असतो, मिळवणाऱ्याचा नाही. रिओआधी नरसिंग यादवने मिळवलेल्या कोट्यावर सुशील कुमार चाचणीसाठी थेट कोर्टात गेला होता, आठवत असेल.

मे महिन्यात गावी आला की त्याला गुहागरात बसवू नका. कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे कोल्हापूर गाठा आणि मॅटवर सराव होतो अशा तालमीत महिनाभर ठेवा.